उसना विस्तव

चांद्र नववर्षाच्या सुट्या लागायच्या आदल्या दिवशी दुपारी नारेचा फोन आला. नारे म्हणजे माझी भाडेकरीण. टेकडीखाली माझा एक लहानसा फ्लॅट आहे, त्यात ती, तिचा नवरा आणि त्यांचं तान्हं बाळ राहतात. फोनवर ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करत राहिली. भाडेकरू मालकिणीच्या गुडघ्यांची चौकशी करू लागला की समजावं, घरात काहीतरी मोडलंय.

"काकू, बॉयलर बंद पडलाय," ती शेवटी म्हणाली. "आम्ही काही केलं नाही हो. खरंच."

तिची भीती मला कळली. सोलमध्ये हा नियम पोराटोरांनाही पाठ असतो. यंत्र म्हातारं होऊन मेलं, तर खर्च मालकाचा. भाडेकरू बॉयलर बंद करून गावाला गेला आणि मागे जमिनीतले पाइप गोठून फुटले, तर खर्च भाडेकरूचा. सगळी भांडणं या दोहोंच्या मधल्या जागेत होतात.

मी मिस्त्रीला घेऊन गेले. त्याने झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि जीभ टाळूला लावून चक् केलं. "पंप गेला. वयानेच गेला. पण हा भाग सुट्या संपेपर्यंत मिळायचा नाही."

नारे बाळाला छातीशी धरून दारात उभी होती. बाळाला सर्दी झाली होती, श्वास घेताना नाकातून बारीक शिट्टी वाजत होती.

"मग हे कुणाच्या माथी?" तिने विचारलं.

"माझ्या," मी म्हटलं. "दगड माझे."

"कसले दगड?"

ते वाक्य मुळात माझं नव्हेच. ते हाम आजींचं.

तरुणपणी मी सोलमधल्याच हेबांगचोनच्या चढावर राहायचे. युद्धात उत्तरेकडून पळून आलेल्या लोकांनी त्या टेकडीवर घराला घर चिकटवून वस्ती केली होती, आणि हाम आजी त्यांतल्याच. त्यांच्या फाटकालगतची खोली आम्ही भाड्याने घेतली होती. माझा नवरा ताएसिक सौदीला रस्ते बांधायला गेला होता. इथे बुटांचे तळवे वितळतात, असं तो पत्रात लिहायचा, आणि ते पत्र मी हातमोजे घालून वाचायचे. मी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. आमची उनसिल ऐन थंडीत जन्माला आली.

त्या काळी घर तापवायचं म्हणजे कोळशाच्या वड्या. खोलीबाहेर, जरा खालच्या अंगाला चूल असायची आणि तीत भोकाभोकांची गोल वडी जळत राहायची. तिचा धूर खोलीच्या जमिनीखाली दगडी लाद्यांमधून फिरत फिरत पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडे. लाद्यांवर मातीचं लिंपण, त्यावर तेल पाजलेला पिवळा कागद. चुलीलगतची जागा सगळ्यांत उबदार, तिथला कागद भाजून तपकिरी झालेला असे. पाहुण्याला तिथे बसवायचं. घरातलं कुणी उशिरा येणार असलं की त्याच्या भाताचा झाकणाचा वाडगा तिथे गोधडीखाली ठेवायचा. तापलेला कागद, भात आणि किंचित कोळसा असा मिळून एक वास त्या खोल्यांना यायचा. आता माझ्या घरात बटण दाबलं की जमीन तापते, पण तो वास येत नाही, आणि मला त्याची फार आठवण येते.

चूल विझली की शेजारी धाव घ्यायची. शेजारीण चिमट्याने आपली जळती वडी काढून द्यायची, आणि आपण तिच्या चुलीत आपली नवी, काळी वडी ठेवून यायचं. जळतं न्यायचं, थंड ठेवायचं. तिथेच व्यवहार पुरा. नेलेला विस्तव कुणी परत आणून देत नसे आणि ठेवलेली वडी कुणी परत मागायला जात नसे. उनसिल पोटात असताना मी कितीदा तरी अशी चिमटा परजत गल्लीतून गेले असेन. बायका मला हसायच्या. "मास्तरीणबाई सगळं शिकवतात, चूल तेवढी ठेवता येत नाही."

आजींनी पहिल्याच दिवशी मला नियम सांगून टाकला होता. "हे बघ सूनबाई, वड्या तुझ्या, दगड माझे. कागद फाटला, बारीक चीर पडली, तर खळ लावून तू बुजवायचीस. दगड खचला की मला हाक मारायची. चीर बारीक होती का मोठी, हे भांडण माझ्या दारात नको."

त्याला कारण होतं. आदल्या हिवाळ्यात खालच्या गल्लीत एक भाडेकरू जोडपं कोळशाच्या गॅसने गेलं होतं. सकाळी शेजाऱ्यांनी दार तोडून गॅसवरचा उतारा म्हणून किमचीचं, मुळ्याच्या आंबट लोणच्याचं, पाणी त्यांच्या तोंडात घालून पाहिलं, पण उशीर झाला होता. दोघं शांत निजल्यासारखे दिसत होते, म्हणे. प्रेतं घरात असतानाच मालक आणि मुलीकडचे लोक वाकून जमिनीतली चीर बोटांनी मापत होते. आजी हे सांगायच्या आणि थुंकायच्या.

उनसिल झाली आणि थोड्याच दिवसांत आमची जमीन गार पडली. चूल छान पेटलेली, वडी जळून पांढरी होत होती, पण ऊब आत येईना. मी शाळेचा थर्मामीटर जमिनीला लावला. पारा जागचा हलला नाही. आजी आल्या, गुडघ्यांवर बसून बोटांच्या पेरांनी जमीन ठोकत गेल्या आणि चुलीलगत थांबल्या. तिथे आवाज पोकळ येत होता.

"खचलाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुमचं काम आलं. कायदा तसाच आहे."

"कायद्याला कशाला उठवतेस? माझंच आहे. मी नाही कुठे म्हणतेय?" त्यांनी तोंड फिरवून खोकून घेतलं. त्यांना जुना खोकला होता, त्यामुळे त्या बाळाला कधी जवळ घेत नसत. "पण माती गोठलीय. आत्ता उकरलं तर नवं लिंपण धरायचं नाही, आणि न धरलेल्या लिंपणातून गॅस येतो. बर्फ वितळू दे."

"आणि तोवर ही?"

त्यांनी उनसिलकडे पाहिलं. तिचे ओठ जांभळट दिसत होते. माझं माहेर दूरच्या बेटावर, बोटी थंडीमुळे बंद. आजींच्या खोलीत जावं तर तो खोकला. मला रडूच येत होतं, पण मालकिणीसमोर रडायचं नाही एवढा ताठा माझ्यात होता.

"चूल विझव," आजी म्हणाल्या. "खचलेल्या दगडाखाली विस्तव ठेवायचा नाही. उबेचं मी बघते."

"तुम्ही कशा बघणार?"

"घर माझं आहे ना? मग."

मी चूल विझवली, राखही काढून टाकली. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बाळाच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि मनात म्हटलं, सगळे मालक सारखेच.

सकाळी दुपटं उचलायला वाकले तर हाताला ऊब लागली.

चुलीलगत, त्या तपकिरी कागदावर, एक जागा गरम होती. भोवतालची जमीन बर्फासारखी. मी धावत बाहेर जाऊन चुलीत हात घातला. चूल थंडगार, रिकामी. परत येऊन थर्मामीटर लावला. पारा सरसर चढला आणि माणसाच्या अंगात ताप नसताना जिथे थांबतो तिथे थांबला. मी खडूने त्या जागेची कड आखून काढली. आजींच्या चुलीचा धूर भलत्याच बाजूने जात होता, भिंतीपलीकडे नुसता रस्ता होता. मला सुचेल ते सगळं मी तपासलं. शेवटी उठून उभी राहिले आणि आखलेल्या रेघेकडे पाहिलं. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या एखाद्या शाळकरी पोराएवढी ती जागा होती.

मी उनसिलला तिथे ठेवलं. थोड्या वेळाने तिच्या ओठांवर रंग आला.

आजींना सांगायला गेले. त्यांची चूल चांगली रसरसलेली होती, पण खोलीत त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. अंगात कापूस भरलेला जाड कोट घालून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर गोधडीखाली झाकणाचा पितळी वाडगा होता. तो मला ठाऊक होता. रोज संध्याकाळी त्या त्यात भात भरून ठेवायच्या आणि सकाळी तोच स्वतः खायच्या. टेकडीवर पुष्कळ घरांत असे वाडगे होते, त्याबद्दल कुणी विचारत नसे.

आजींनी झाकण उचललं. भातावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

"आला वाटतं तुझ्याकडे," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आमचा इनसोप. मीच म्हटलं त्याला, थोडे दिवस सूनबाईकडे बस. तिचं बाळ लहान आहे."

इनसोप त्यांचा मुलगा. युद्धाच्या हिवाळ्यात, गोठलेली नदी ओलांडताना, गर्दीत त्यांच्या हातातून त्याचा हात सुटला. तेव्हा तो नुकता शाळेत जाऊ लागला होता.

"हात काय गरम असायचे त्याचे," आजी म्हणाल्या. "मला मोजे लागायचे, त्याने कधी घातले नाहीत. संध्याकाळी येतो. बोलत नाही काही. येतो आणि बसतो, झालं." त्यांनी वाडगा माझ्या हातात दिला. "हा आता तुझ्याकडे ठेव. भात गरम असू दे. सकाळी तूच खा, टाकू नकोस."

म्हाताऱ्या माणसांपुढे मान डोलवतात तशी मी डोलवली. पण वाडगा नेला, आणि संध्याकाळी भरूनही ठेवला.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत गोड हिवाळा होता, हे आता म्हणायला मला लाज वाटत नाही. बाहेर वारा फाटक हलवायचा आणि आत मी, उनसिल आणि ती ऊब. बाळ हसू लागलं ते भिंतीकडे बघून. मी अंगाई म्हणायचे ती हळूहळू दोघांसाठी म्हणू लागले. त्यात मी कशावरही विश्वास ठेवला, असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

आजींकडे मात्र मी फारशी जात नव्हते. त्यांचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा.

बर्फ वितळला आणि गवंडी आला. त्याने कागद फाडला, माती उकरली. खालची पहिली लादी पार बसलेली, धुराची वाट चिखलाने गच्च भरलेली. मी खडूने आखलेल्या जागेखालची माती कोरडी होती आणि तिच्यात काजळीचा एक कण नव्हता. त्याने तिथे तळवा टेकवला, चटकन उचलला आणि पँटला पुसला. काम मात्र चोख केलं. नवी लादी, नवं लिंपण, नवा कागद. मी चूल पेटवली आणि खोली कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत तापली.

त्या संध्याकाळी आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. फार वाळल्या होत्या.

"दगड झाले ना नीट?"

"झाले, आजी."

"मग आता पाठव त्याला."

कसं पाठवायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी वाडगा त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. त्यांच्या चुलीत नवी वडी घातली. गोधडी पसरली. आजी दाराकडे तोंड करून बसल्या.

तो गेला नाही.

वसंत ऋतू आला, टेकडीवर पिवळी फुलं आली, तरी आजींची जमीन गार. त्यांनी गवंड्याकडून आपलेही दगड तपासून घेतले. दगड ठीक होते. आणि माझ्या नव्या कागदावर, चूल विझवली तरी, ती जागा गरम राहायची.

"चूक माझीच," एकदा आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. "विस्तव देताना तुझ्याकडून वडी ठेवून घेतली नाही. बाळंतीण आहे, तिच्याकडून काय घ्यायचं, म्हणून तसाच दिला."

"मी आता आणते," मी म्हटलं, आणि खरोखरच एक नवी वडी आणून त्यांच्या चुलीपाशी ठेवली.

"आता नाही चालत. तेव्हाच ठेवायची असते."

पुढच्या हिवाळ्याची किमची घालायच्या आतच आजी गेल्या. शेवटचं बघायला आलेल्या बायका चूल पेटती असूनही त्या खोलीत पाय टेकवेनात, एकीच्या हातातली उशी घेऊन दुसरी बसत होती. वाडगा माझ्यासाठी ठेवलेला होता.

त्यानंतर आम्ही पुष्कळ घरं बदलली. वड्या गेल्या, बॉयलर आले, पाइप आले. प्रत्येक घरात एक जागा गरम निघायची. ताएसिक म्हणायचा, पाइपाची जोडणी असेल. उनसिल लग्न करून बुसानला गेली, ताएसिक वारला, तो मात्र राहिला. मी रोज वाडगा भरून ठेवते आणि सकाळी तो भात खाते. मी जन्मभर मुलींना शास्त्र शिकवलं आणि मला याचा अर्थ लागत नाही. पण एकट्या बाईच्या घरी रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन बसतं, यात तक्रार करण्यासारखं काय आहे? तो वाढलेला नाही. अजून तेवढाच आहे.

तर, नारेचं बाळ.

"माझ्याकडे चला सुट्या संपेपर्यंत," मी तिला म्हटलं.

"नको काकू, या वाऱ्यात त्याला बाहेर काढायची भीती वाटते. हेही सुटीच्या ड्यूटीवर आहेत." विजेची शेगडी मी बरोबर नेली होती, ती लावून दिली. तिच्या लालीत बाळाचा चेहरा बरा दिसला, पण मी हाताने त्या लालीला आडोसा केला तर ओठ जांभळट होते.

तेव्हाच मी ठरवलं. आणि हेही ठरवलं की आजींची चूक करायची नाही. मला तो परत हवा होता. माझ्या वयाला त्याच्याशिवाय हिवाळा निघायचा नाही.

"मला इथलं काहीतरी दे," मी नारेला म्हटलं. "काहीही."

ती गोंधळली. म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, असं तिला वाटलं असावं. तिने फळं शोधली, फळं नव्हती. मग हसत बाळाच्या डोक्याखालची उशी काढून दिली. राळ्याचे दाणे भरलेली, टाळूला गार राहावं म्हणून घालतात तसली. "त्याच्याकडे दुसरी आहे," ती म्हणाली.

घरी येऊन मी त्या गरम जागेपाशी बसले. इतक्या वर्षांत प्रथमच त्याचं नाव घेऊन बोलले. "इनसोप, थोडे दिवस तिकडे बसशील का? बाळ लहान आहे." आणि त्या जागेवर राळ्याची उशी ठेवली.

सकाळी नारेचा फोन आला. "काकू, हसू नका. खिडकीपाशी जमिनीला एक जागा गरम आहे. बॉयलर तर बंदच आहे."

"बाळाला तिथे निजव," मी म्हटलं. मला आनंद झाला. वाडग्यातला भात गार झाला होता. मी तो खाल्ला.

मग जमीन पुसताना उशी उचलली. माझा बॉयलर चालू होता, सगळं घर उबदार होतं. उशीखालची जमीन मात्र गार होती. मी हात फिरवला. गारवा उशीच्या कडेला संपत नव्हता, थोडा पुढे गेला होता. दोन वितींएवढा असेल, निजलेल्या तान्ह्या बाळाएवढा.

उशी हातात तशीच राहिली. चिमटा घेऊन मी गल्लीतून किती वेळा गेले होते. जळतं न्यायचं, थंड ठेवायचं. ठेवलेली वडी कुणी परत मागायला जात नसे. आणि नेलेला विस्तव कुणी परत आणून देत नसे.

मी नारेला फोन लावला.

"बाळ कसंय?"

"काय सांगू काकू, इतकं शांत कधी झोपलं नव्हतं. सर्दीचा आवाजही गेला. रडत म्हणून नाही."

"उठवून बघ."

"आत्ताच निजलंय हो," ती हसली.

"उठव त्याला. मी येतेच आहे. त्याची उशी घेऊन येते."

"राहू दे ना, काकू. त्याला आता उशी लागतच नाही."

मी कोट घातला. फोन करताना उशी जमिनीवर ठेवली होती, ती उचलायला वाकले. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मघाशी मी ती हाताने नीट सपाट केली होती. आता तिच्या मधोमध एक लहानसा गोल खळगा पडला होता, आणि मी बघत असतानाच आतले राळ्याचे दाणे हळूच एका कुशीला सरकले.